मामबेतकुल आकेंची फुकट बातमी

"वेळ कसली ठरवायची त्यात? बातमी आहे ती, लग्नाचा मुहूर्त आहे का?" तालाय साल्किनच्या खांद्यावरून संगणकात डोकावत म्हणाला.

"बाइके, उद्या सकाळी लावू या. आजचा दिवस नको. एवढं एकच ऐका माझं." साल्किन त्याला दादा म्हणावं तसं बाइके म्हणते.

आमचे वडीलधारे मामबेतकुल आके त्याच दिवशी पहाटे गेले होते. आमच्या मधाच्या प्रत्येक बरणीवर ज्यांचा चेहरा आहे, ते हेच. आतबाशी या आमच्या डोंगरी मुलखातल्या पांढऱ्या मधाची ही कंपनी त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्यांवर उभी राहिली. तालाय मागाहून भांडवल घेऊन आला आणि मालक होऊन बसला. मी गोदाम सांभाळते. साल्किन बातम्या लिहिते, पत्रं पाठवते. हुद्दा प्रसिद्धी अधिकारी, पण गिऱ्हाईक आलं की चहाही तिनंच करायचा.

आकेंचा एकुलता मुलगा कुबात मॉस्कोजवळ एका गोदामात कामाला आहे. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. एकट्या माणसाला तर नाहीच नाही. नात्यातली मोठी माणसं जमतात, मिळून त्याच्या दारी जातात, त्याला मध्ये बसवून इकडचं तिकडचं बोलत हळूहळू मुद्द्यावर येतात. तो शब्द तोंडातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर कुणाचे तरी हात असतात. याला उगुझू म्हणतात. कुबातचे चुलते असानआबा तिकडेच राहतात. कामावरून सुटल्यावर ते चौघांना घेऊन त्याच्या खोलीवर जाणार होते. तोवर त्याला इथून कुणीही फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. आवाजावरून ओळखलं असतं त्यानं.

आणि तालायला मात्र बातमी जगभर जायला हवी होती. लगेच.

"तू उन्हाळाभर त्या संकेतस्थळांची पारख करत होतीस ना? मग सांग, कुठलं चांगलं?"

खरंच करत होती बिचारी. कंपन्यांची पत्रकं फुकट किंवा थोडक्या पैशांत जगभर पोचवतो म्हणणारी शेकड्यानं दुकानं आहेत. साल्किननं नव्या हंगामाची एकच बातमी त्यातल्या तिघांकडे पाठवली होती आणि तिचं पुढं काय होतं ते रोज पाहिलं होतं.

"हे पहिलं फुकट," ती म्हणाली. "दाबलं की त्याच क्षणी लागतं. शेजारी जुगाराची जाहिरात. नंतर अक्षरसुद्धा बदलता येत नाही. दुसरंही फुकट, पण ते आठवडाभर तपासत बसतात आणि वर बातमीतला आपल्या दुकानाचा पत्ताच खोडतात. तिसरं थोडे पैसे घेतं. दोनशे ठिकाणी छापतो म्हणतात, पण ती सगळी एकाच पानाची नक्कल. तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"म्हणजे तिन्ही बोगस! मग फुकटात काय वाईट?"

"तिसऱ्याकडे वेळ लावून ठेवता येते, बाइके. फोन केला तर माणूस उचलतो. आज आपल्याला तेवढंच हवंय. आणि खरं सांगू? आपल्या इथल्या नारीनच्या पेपरवाल्याला मी कळवते. तो येईल, चार माणसांशी बोलेल, नीट लिहील."

"नारीनमध्ये कोण मध विकत घेतं गं? घरोघरी पेट्या आहेत." तालाय हसला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं बाई, उद्या. जा तुम्ही तिकडे."

आम्ही आकेंच्या घरी गेलो. अंगणात यर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभारला होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीतं म्हणत होत्या. आम्हीही बसलो. दुपार कलल्यावर साल्किनचा फोन थरथरला. तिनं पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

कुबातचा निरोप होता. "साल्किन एजे, हे खरं आहे?" एजे म्हणजे ताई. खाली पानाचा फोटो. त्यात मधमाश्यांची जाळी डोक्यावर घेतलेले हसरे आके, "संस्थापकांचे निधन, चव मात्र अमर" हा मथळा आणि बाजूला जुगाराचं फिरतं चाक.

वडिलांचं नाव कुठेही बातमीत आलं की फोन वाजावा, अशी सोय साल्किननंच त्याला गेल्या सुट्टीत करून दिली होती. किती खूश झाला होता तो!

"एजे, काय लिहू मी?" साल्किननं मला विचारलं.

"काही लिहू नकोस," मी म्हटलं. हो म्हटलं तर फोनवर सांगितल्यासारखं होणार. नाही म्हणायला जीभ रेटणार नव्हती. पलीकडे तो पोरगा पोत्यांच्या ढिगात एकटा उभा राहून फोनकडे बघत असेल, हे दोघींनाही दिसत होतं. साल्किननं फोन छातीशी धरला आणि ती कचेरीकडे चालायलाच लागली. मी मागे.

तालाय खुशीत होता. "या या! चाळीस हजार लोकांनी वाचली. फुकटात!"

"बाइके, तुम्ही उद्या म्हणाला होतात."

"अगं, तो मॉस्कोत पोती उचलतो. तो कशाला असलं काही बघेल?"

"त्यानंच बघितलं," साल्किन म्हणाली. तिचा आवाज एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. "चाळीस हजार म्हणजे आपोआप पानं उघडणारी यंत्रं आहेत. उन्हाळाभर मी तेच पाहिलं. तुमची बातमी वाचणारा माणूस एकच. कुबात."

तालायची मान क्षणभर खाली गेली. क्षणभरच. साल्किननं पान काढायला त्या संकेतस्थळाला लिहिलं. लगोलग उत्तर आलं की फुकटात लावलेली बातमी काढायची असेल तर पैसे भरा.

"राहू दे मग दोन दिवस," तालाय पुटपुटला. "बरी चाललीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस? ज्याच्या पेट्यांवर जगलास त्याच्या? काढ ते कार्ड खिशातून, नाहीतर आत्ता अंगणात जाऊन सगळ्यांना सांगते." त्यानं कार्ड काढलं. साल्किननं पैसे भरले. पान गेलं. पण वाचलेलं कसं पुसणार?

आकेंना तिसऱ्या दिवशी माती दिली, कारण मुलाची वाट पाहायची होती. कुबात असानआबांबरोबर आला. दफन उरकल्यावर चहा सुरू झाला. आबा थकले होते, पण त्यांच्या बोलण्यात एक समाधान होतं.

"नीट पार पडलं बरं का, साइरा," ते मला म्हणाले. "दार उघडून पोरगा म्हणतो कसा, आज सगळे मिळून कसे काय, आबा? काही म्हणता काही माहीत नव्हतं त्याला. मी पेट्यांपासून सुरुवात केली. यंदा बर्फ उशिरा वितळलं, म्हातारा दमला होता, असं बोलत बोलत तासाभरानं सांगितलं. हात धरले होते आम्ही. मगच रडला. परदेशात राहूनही आपल्या माणसानं आपल्या रीतीनं सांगितलं, एवढं तरी त्याच्या वाट्याला आलं."

साल्किन चहा ओतत होती. तिचे ओठ हलले. समोर बसलेल्या कुबातनं तिच्याकडे पाहिलं आणि कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नको.

"हो, आबा," तो म्हणाला. "तुम्ही आलात म्हणून मला कळलं."