तिसरा दिवा

माघातली दुपार. केशरी, कलती, मंद. पाषाणच्या टेकडीवरून उतरलेले ऊन खिडकीच्या गजांतून आत आले आणि फरशीवर त्याचे चौकोन पडले. दाराला आतून कुलूप होते.

कुलूप कुमुदिनीसाठी. स्मृतीची पाने झडत चाललेली ती रोज उन्हे कलली, की चपला शोधायची. म्हणायची, "मला घरी जायचंय." याच घरात तिने चाळीस वर्षे संसार केला होता. किल्ली नवऱ्याच्या, पद्माकरच्या खिशात; आणि पद्माकर किल्लीसकट आत. कैदी कोण, पहारेकरी कोण, त्याचे त्यालाच कळेनासे झाले होते.

म्हणून तर तो इरेला पेटला. पन्नास वर्षांपूर्वी कचेरीतल्या ज्या संगणकापाशी दोघे भेटली, जो केव्हाच भंगारात गेला, तोच त्याने पुन्हा घडवला. नीलवर्ण पोलादी कपाट, काळ्या कळांची रांग, वर आठ ताम्रवर्ण दिवे. दोन वर्षे तारांच्या सांध्यांना डाग देता देता बोटे पोळली. ती यंत्राला ओळखेल, मग मलाही ओळखेल, एवढीच वेडी आशा.

आज खटका दाबला. आठही दिवे लखलखले. तो हरखला.

कुमुदिनीने पाहिले आणि तोंड फिरवले. "हा आपला नाही."

त्याने दिवे पुन्हा मोजले. मग आठवले. आपला तिसरा दिवा कधी लागायचाच नाही! नव्या दिव्याची मंजुरी येईपर्यंत सगळे तो मनात धरून वाचायला शिकले, आणि मंजुरी काही आली नाही. इतके निर्दोष घडवले, तिथेच चुकला शहाणा.

त्याने तिसरा दिवा काढून घेतला.

ती सरसावून बसली. सुरकुतली बोटे कळांवर धावली. खट्, खट्, खट्. दोनात दोन मिळवले. दिव्यांचे मोल एक, दोन, चार, आठ असे दुप्पट होत जाणारे; चाराच्या आकड्याला एकटा तिसरा दिवा लागतो, तोच नव्हता. सारी रांग काळोखी.

"चार," ती म्हणाली, आणि हसली. "पाळी संपली, साहेब. घरी जाऊ?"

त्याने कुलूप काढले. चपला पुढे ठेवल्या. टेकडीच्या सावलीतून घराला एक वळसा घालून त्याच दारातून तिला घरी आणले.

"या आता साहेब," उंबऱ्याच्या आतून ती म्हणाली. "आमचे हे येतीलच इतक्यात."

तो जाणार कुठे? आत आला, किल्ली फिरवली, अंधार पडला तरी तिच्याजवळ बसून राहिला. त्या तिसऱ्या दिव्यासारखा, न लागलेला, तिने मनात धरलेला.