साखळी पुरते तिथपर्यंत

माझं काम वेड्या कैद्याचं. मित्रमंडळी हौसेने तासभर कोंडून घेतात आणि कोडी सोडवत बाहेर पडतात, तो खेळ. त्यातल्या तुरुंगाच्या खोलीत मी पायात साखळी अडकवून गुरगुरत असतो. साखळी खरी आहे. ती जिथवर पुरते तिथे फरशीवर लाल रेघ मारलेली आहे. रेघेपलीकडे उभं राहणाऱ्याच्या नाकाशी माझी नखं पोचतात, पण लागत नाहीत. खेळाआधी ही रेघ सगळ्यांना दाखवतात.

पूर्वी पायातल्या कड्याला एक खिट्टी होती. अडचण आली तर दाबून सुटता यायचं. एका गिऱ्हाइकाला ती दिसली, त्याने फसवणूक म्हणून बोंब मारली, आणि मालकाने खिट्टीच काढून टाकली. मालकाचं काय जातंय, पाय माझा!

त्या दिवशी चौघं आली. चष्म्याचा दुकानदार, त्याची बायको, तिचा धाकटा भाऊ आणि तिची एक शिक्षिका मैत्रीण. बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"ही बाथरूममध्येसुद्धा धडपडते," चष्मेवाला म्हणाला. मैत्रीण हसली. भाऊ हसला नाही. तो टायरच्या दुकानात कामाला होता आणि मनगटं बघितली तर जॅकशिवाय गाडी उचलेल असं वाटायचं.

खेळात दोघं गजांच्या आत माझ्याबरोबर आणि दोघं बाहेर, भिंतीआडच्या खोलीत किल्ली शोधायला; तिथून आतलं ऐकू येतं, दिसत नाही. किल्ली एकच, गजांच्या दाराला आणि माझ्या कड्यालाही तीच.

"आत मी आणि भाऊजी," भाऊ लगेच म्हणाला.

दार बंद झालं. मी गुरगुरायला लागलो, पण माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. भावाने चष्मेवाल्याची कॉलर धरली आणि त्याला पलीकडच्या भिंतीवर आपटलं. चष्मा खाली पडून फुटला.

"ताईचा हात कसा मोडला?"

"अरे, बाथरूममध्ये ती..."

त्याने पुन्हा आपटलं. भिंतीवर रक्त लागलं. आमच्या खोलीतलं रंगाचं रक्त तपकिरी आहे, हे लालभडक होतं.

"ओरडा भाऊजी, ओरडा. इथे सगळेच ओरडतात," असं म्हणून त्याने कोपर त्याच्या गळ्यावर रोवलं.

म्हणजे जागा विचार करून निवडली होती. मी धावलो, रेघेवर साखळीने हिसका दिला आणि तोंडावर पडलो.

"सोड! मरेल तो!"

"काय ॲक्टिंग करतो गं हा!" बाहेरून मैत्रीण म्हणाली.

"अहो, नाटक नाही हे! खरंच मारतोय!"

"बघ ना, अंगावर काटा आला माझ्या!"

लांडगा आला रे म्हणून रोज ओरडायची नोकरी केली की असं होतं. मालकाच्या कॅमेऱ्यात चित्र दिसतं, आवाज येत नाही, आणि तिथे मारामारी रोजचीच. मी कडं ओढत राहिलो, घोट्याची साल निघाली. चष्मेवाल्याचे पाय आधी भिंतीवर धडाधड आपटत होते, मग हळूहळू थांबायला लागले.

तेवढ्यात बाहेर किल्लीची पेटी उघडली. बायको किल्ली घेऊन आली, गजांचं दार उघडलं आणि दारातच थबकली. मैत्रीण तिच्या मागून डोकावली आणि तिचं हसू तिथेच विरलं.

"किल्ली टाका इकडे!"

ती हलली नाही. नवऱ्याचा चेहरा निळा पडत होता आणि ती बघत होती. मला त्या बाईची भीती वाटली.

"अहो ताई, हा मेला तर तुमचा भाऊ जन्मभर आत जाईल. खऱ्या तुरुंगात!"

तिने किल्ली टाकली.

मी कडं उघडलं आणि भावाच्या पाठीत लाकडी स्टूल घातलं. तो वळला, तसं नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचं माझ्या बोटांना कळलं. चष्मेवाल्याला ओढत माझ्या गादीवर आणलं आणि छाती चोळली. बायको वाकून बघायला लागली.

त्याला श्वास आला, आणि पहिल्याच श्वासाला त्याने तिच्या थोबाडीत भडकावली.

"किती वेळ लावलास, भवाने!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं नाक फोडलं तो कोपऱ्यात रक्त थुंकत रडत होता, आणि ज्याला वाचवलं तो हा! मी त्याच्या जबड्यावर अशी ठेवून दिली की दोन दात गादीवर आले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. पुन्हा हात उगारला, तर तिने तो धरला.

"पुरे."

तिने डाव्या हाताने साखळी ओढली, कडं नवऱ्याच्या पायात घालून दाबलं आणि किल्ली काढून घेतली. मग रेघ ओलांडून भावाला बखोटीला धरून उठवलं.

"छोट्या, ऊठ." मग मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "पोलिसांना फोन लाव. छोट्याने केलं ते सांगू. आणि माझ्या हाताचंही सांगू."

ते ऐकून चष्मेवाला उठला आणि दोन्ही हात पुढे करून तिच्यावर धावला. साखळी ताणली. त्याची बोटं तिच्या नाकाशी येऊन थांबली.

ती रेघेला पाऊल लावून उभी होती. मागे सरली नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत तिने.