‘थांबा’ कोणी म्हणायचं

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकच शब्द सगळ्यांच्या मालकीचा होता: थांबा. कागद कापायच्या मशीनवरच्या काकांना गठ्ठ्यापलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडे माझी धाकटी बहीण कागद सारखे करत उभी असते. कुणाला काही वेडंवाकडं दिसलं की ‘थांबा’ ओरडायचं, काका पातं तिथंच रोखणार. खळ लावणारी आजी तर कधीकधी उगाचच ओरडायची. पण तिला कुणी कधी बोललं नाही.

मग आम्ही आमच्यातूनच मुकादम निवडला, माझा भाऊ. पहिला हात मीच वर केला, तोही तोऱ्यात. आई गेल्यावर या दोघांना मीच वाढवलं. म्हटलं, पोरगं नाव काढेल.

महिन्याभरात पोराच्या डोक्यात हवा गेली. तो मालकांना काम दाखवत असताना आजी ‘थांबा’ म्हणाली आणि सगळे त्याला सोडून तिच्याकडे बघायला लागले. मालक हसले. ते त्याला फार लागलं.

"सगळ्यांसमोर माझा पोपट केलात," तो म्हणाला. "यापुढे थांबा फक्त मी म्हणणार. दुसरं कुणी बोललं तर त्यानं घरी बसायचं."

आजीला त्यानं त्याच दिवशी घरी बसवलं. आम्ही खाली माना घालून कामाला लागलो. मी तर वर त्याचीच बाजू घेतली, आहे की नाही कमाल.

एका मंगळवारी धाकटीची बाही गठ्ठ्याखाली अडकली. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. शब्द माझ्या ओठांवर आला होता, देवाशप्पथ आला होता. आणि मी भाऊ कुठे आहे ते बघायला मान वळवली. तेवढ्यात पातं खाली आलं.

दवाखान्यात भाऊ हमसून हमसून रडला. "ताई, तू तिथंच होतीस ना गं? ओरडायचं होतंस." स्वतः काय बजावलं होतं ते त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही.

परवा पुन्हा मुकादम निवडायचा होता. भावाच्या नावाला एकेक हात वर गेला. माझे दोन्ही मांडीवरच होते. शेजारी धाकटी बसली होती. तिनं सवयीनं उजवा हात उचलला, रिकाम्या बाहीकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि डावा वर केला.

"आपलाच आहे गं," ती मला म्हणाली.