बेक्कव्वाचा उंदीर

"मेल्यांनी हल्ली सुयांना भोकं ठेवायचंच बंद केलंय. नुसती तार कापून पुड्यात भरायची आणि विकायची."

नागुबाईंनी हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण त्यांची सून इंदुमती गुडघ्याला गुडघा लावून शेजारीच बसली होती, करंज्यांना मुरड घालत. त्यामुळे ती कुरकुर सरळ तिच्या कानात पडली. तिनं मान वर केली नाही. केली असती तर दोऱ्याचं टोक पुन्हा एकदा सुईच्या बाजूनं हवेत जाताना दिसलं असतं, आणि दिसलं की काहीतरी बोलावं लागलं असतं.

"आत्याबाई, संध्याकाळला वाती पुरतील का, बघता जरा?"

नागुबाई भिंतीला हात लावत देवघरात गेल्या. इंदुमतीनं पिठाचे हात पदराला पुसले, पुड्यातल्या सुया भराभर काढून ओवल्या, गाठी मारल्या आणि टोचायच्या उशीत खोचून ठेवल्या. परत करंजी हातात. नागुबाई आल्या, बसल्या, उशी चाचपून त्यांनी तयार सुई उपसली आणि शिवायला लागल्या. ही कुणी ओवली, असं त्यांनी विचारलं नाही. गणपतीपासून विचारलं नव्हतं. इंदुमतीनंही सांगितलं नव्हतं. दोघी मोठ्या समजूतदार बायका होत्या.

शिवणकाम चाललं होतं मांजरांसाठी. हुबळीत कोप्पीकर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. गाठींवर उंदीर पडायचे, म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून दुकानात मांजरं होती. ती नसती तर घरातल्या सगळ्यांना भोकाच्या साड्या नेसाव्या लागल्या असत्या, असं सासरे म्हणायचे. तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या माणसांना नवं कापड आणि मांजरांना नवं खेळणं, असा घरचा रिवाज पडला. सध्या दिवाणजी नावाचा एक पोक्त बोका होता, आणि बेक्कव्वा, तिच्या दोन पिल्लांसकट. हे नाव यल्लव्वानं ठेवलेलं. कन्नडात मांजराला बेक्कू म्हणतात, आणि पिल्लांची आई म्हणजे अव्वा आलीच. यल्लव्वा घरच्या धुण्याभांड्याला येऊन येऊन आता घरचीच झाली होती.

बेक्कव्वाला कापडी उंदीर, बाकीच्यांना चेंडू; पण खेळणं करायचे नागुबाईंचे कायदे कडक होते. कापड जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन ज्याचा रंग आणि खळ दोन्ही गेलेलं. आत पिंजलेला कापूस. डोळ्यांना बटण नाही, मणी नाही, दोऱ्यानंच घट्ट टाके घालायचे. जरीचा धागा तर नाहीच. घुंगरू नाही. शेपटी कापडाची वेणी घालून आणि बोटभरच. टीप दुहेरी दोऱ्याची, उलटी, टोकं आत दडवलेली.

"मांजराच्या जिभेला काटे असतात," त्या इंदुमतीला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत म्हणाल्या होत्या, "आणि ते सगळे आत वळलेले. दोरा एकदा लागला की बिचारीला थुंकता येत नाही. गिळतच जाते. नातवंडाच्या तोंडात जाणार असं समजून शिवायचं."

त्या त्याच हातांनी अजून शिवत होत्या. फक्त गेल्या वर्षी उंदराचे डोळे पोटावर आले होते. दुकानात सगळे हसले होते. "आमचा उंदीर हुशार आहे, कुणी पोट खाजवायला आलं की आधी दिसतं," असं इंदुमतीचा नवरा सदाशिव म्हणाला होता. नागुबाईही हसल्या होत्या, जरा उशिरा. नंतर एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, एकदा त्या चुकून धारवाडच्या बसमध्ये चढल्या. प्रत्येक वेळी घरात काही ना काही विनोद झाला. त्यांच्या गडहिंग्लजच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर ती कोपऱ्यात बसली ती बसलीच. तेव्हापासून तो शब्दच घरात कुणी काढत नसे. सदाशिव तर पेपरात चष्म्याची जाहिरात असली तरी पान उलटायचा.

दुपारी सदाशिव खेळण्यांची टोपली घेऊन दुकानात गेला. इंदुमती पसारा आवरायला बसली. सुया पुसून तिनं एकेक करून पुड्यातल्या काळ्या कागदावर परत टोचल्या. एक घर रिकामं राहिलं.

तिनं उशी दाबून पाहिली. चटई झटकली. चिंध्यांचं गाठोडं उलटं केलं. मग शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक काढून फरशीवरून फिरवलं. त्याला एक टाचणी लागली आणि एक गंजका हूक.

"काय शोधायलीस गं?" नागुबाई दारातून म्हणाल्या.

"कानातल्याची फिरकी पडली, आत्याबाई."

"थांब, मी बघते." आणि त्या खाली बसल्या आणि तळहातानं फरशी चाचपू लागल्या. नजर समोरच्या भिंतीवर होती. तळहात मात्र कणन् कण शोधत होता. खोट्या फिरकीसाठी. इंदुमतीनं त्यांचं मनगट धरलं.

"सापडली, सापडली. राहू दे."

पूर्वी नागुबाईंकडे एकच सुई असायची. काम थांबलं की ती मंगळसूत्राच्या वाटीजवळ पोलक्यात खोचलेली, झोपेतसुद्धा त्यांना ठाऊक असायची. इंदुमतीनं डझनभर ओवून ठेवायला सुरुवात केली आणि हिशेब सुटला. एक हातातून निसटली तर दुसरी उशीत तयारच. आणि नुसती सुई नाही, मागं वीतभर दोरा. गाठ मारून. इंदुमतीनं स्वतः मारलेली.

"झेंडूची माळ राहिलीय, मी दुकानात पुढं होते," तिनं पायात चप्पल सरकवत सांगितलं.

"एवढी काय घाई? मी यल्लव्वाला घेऊन येतेच आहे की पूजेला."

पण ती केशवापूरच्या रस्त्यावर पोचली होती.

बस नुसती भरली होती. एका बाईच्या मांडीवर फटाक्यांचा पुडा, एकाच्या डोक्यावर ऊस. इंदुमती दांड्याला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांपुढं त्या आत वळलेल्या काट्यांशिवाय काही येत नव्हतं. खेळणी पूजेनंतर द्यायची असतात. म्हणजे अजून टोपलीतच असतील. असायलाच हवीत. हुबळीतल्या सगळ्या सायकली आजच या बसच्या आडव्या का येत होत्या?

सदाशिव स्टुलावर उभा राहून आंब्याचं तोरण बांधत होता.

"खेळणी कुठं आहेत?"

"दिली की."

"पूजेच्या आधी?"

"अगं, समोरच्यांनी फटाक्यांची माळ लावली धडधडधड. पिल्लं घाबरून गाठींच्या मागं घुसली. म्हटलं खेळतील, विसरतील." मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "काय झालं?"

"एक सुई कमी आहे."

तो स्टुलावरून उतरला. कुणाची, कशी, काही विचारलं नाही. तोरणाचं एक टोक तसंच लोंबत राहिलं.

दिवाणजी आपल्या चेंडूला पाठ देऊन झोपला होता. दिवाळीशी आपला काही संबंध नाही असा त्याचा चेहरा. इंदुमतीनं चेंडू दाबला, पिळला, शेवटी मापाच्या टेबलावर ठेवून कात्रीनं उसवला. कापूस. पिल्लांचे दोन गोळे सदाशिवनं गाठींच्या फटीतून ओढून काढले. तेही उसवले. कापूसच.

"उंदीर?"

दोघांनी वर पाहिलं. माळ्यावर, पोत्यांच्या आडून, बेक्कव्वाची गुरगुर येत होती. खरा उंदीर धरल्यावर करते तशी.

सदाशिव शिडी चढला. "दे गं बाई. दे अव्वा. तुझ्या बापाचं काय जातंय..." मग धडपड, धूळ, एक फिस्कारा. इंदुमती खालून शिडी धरून होती. तो खाली आला तेव्हा त्याच्या मनगटावर ओरखडे होते आणि मुठीत उंदीर. लाळेनं भिजलेला. कुशीची टीप एका जागी सुटलेली, त्यातून कापूस आणि पांढरा दोरा लोंबत असलेला.

इंदुमतीनं पोट चाचपलं, मान चाचपली. शेपटीच्या बुडाशी बोट नेलं आणि हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब.

"आहे."

"आणि दोरा? सगळा आहे का?"

तिनं सुई हळूच ओढून काढली. मागून दोरा आला, ओला, चावलेला. ती त्याचं टोक शोधत राहिली. गाठ असेल तर दोरा पुरा. गाठ नसेल तर उरलेला बेक्कव्वाच्या पोटात. बाहेर कुणीतरी बाण सोडला. तिनं दोरा बोटांत धरून पुढं पुढं सरकवला, आणि बारीकशी गाठ नखाला लागली. तिचीच. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"आहे," ती परत म्हणाली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. यल्लव्वाच्या दंडाला धरून नागुबाई आल्या, नव्या इरकलीत, मोगरा माळून.

"पायरी, अव्वा," यल्लव्वा हळूच म्हणाली, जसं ती हल्ली सगळीकडं म्हणायची.

"नाकात कापूस कसला जातोय? सणासुदीला काय कापायलाय?"

"काही नाही, आई," सदाशिव म्हणाला. "कापूस जरा दमट वाटला, म्हणून..."

"दमट? मी उन्हात घालून पिंजलाय." त्यांनी टेबलावर हात फिरवला. उसवलेला चेंडू हाताला लागला, मग दुसरा. त्यांची बोटं कडांवरून गेली. "माझी टीप उसवली? सगळ्यांची? का?"

बोटं उंदरापर्यंत गेली आणि मग, उंदराशेजारी ठेवलेल्या सुईपर्यंत. त्यांनी ती उचलली, दोरा ओढून पाहिला.

"ही आत होती?"

"हो," इंदुमती म्हणाली.

"बेक्कव्वा?"

"बरी आहे. काही गेलं नाही पोटात."

नागुबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहरा कडक झाला होता. "यल्लव्वा, काल उंदरात कापूस तू भरत होतीस. तुझ्या पोलक्याला सुई खोचलेली असते. तुझीच ना ही?"

यल्लव्वानं इंदुमतीकडं पाहिलं. मग सदाशिवकडं. सदाशिव तोरणाचं लोंबतं टोक बांधायला वळला होता.

"हौदु अव्वा," ती म्हणाली. "माझीच असंल. पडली असंल भरताना."

"झालं तर मग," सदाशिव पाठमोराच म्हणाला, जरा जास्तच मोकळ्या आवाजात. "होतं असं. नाही का गं, इंदू? चला, मुहूर्त होतोय."

"होतं कसं? मुकं जनावर गेलं असतं. आणि आजच्या दिवशी!" नागुबाईंनी सुई टेबलावर टाकली. "एवढी वर्षं माझ्या हाताखाली राहून हेच शिकलीस? उद्यापासून शिवणाला हात लावायचा नाही तुझा."

"हूं, अव्वा."

यल्लव्वानं पदर कपाळापर्यंत ओढला. बोलणी खात असतानाही तिनं दंड तसाच पुढं धरला होता, आणि नागुबाईंची बोटं त्यावर घट्ट रुतलेली होती, कारण पुढं आतल्या खोलीचा उंबरा होता.

इंदुमती उठली.

"सुई यल्लव्वाची नाही."

"अगं, पूजेच्या वेळी कशाला आता..." सदाशिव वळला.

"माझी आहे. ओवलेली मी, गाठ माझी. गणपतीपासून रोज ओवून ठेवते, आत्याबाई. तुम्ही आत गेलात की." तिनं बोटावरचं रक्त पदरात दाबलं. "तुम्हाला दिसत नाही."