सतरा जुलैची टेप

पोलीस ठाण्यात सेवकराम भाऊजींचा उजवा हात मोडला, तो भरदुपारी. मोडणाऱ्या शिपायानं आधी चहा संपवला, मग दांडा उचलला. मी कोठडीच्या जाळीबाहेर उभा होतो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, पुष्पाबाईचे यजमान. वरठीजवळच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. दोन वर्षांपूर्वी, सतरा जुलै पंच्याऐंशीला, लोखंडाचे तीन ट्रक हलकं वजन दाखवून त्यांच्या काट्यावरून बाहेर गेले, हे तपासणीवाल्यांना आता कळलं होतं. भाऊजी म्हणत होते, मी त्या दिवशी सिहोऱ्याला भाताच्या रोवणीत, चिखलात होतो. हजेरीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. उरली होती ती टेप, आणि ती माझ्या ताब्यात होती.

कॉम्प्युटरवर चढलेला प्रत्येक व्यवहार, कोणता ट्रक, किती वजन, कोणाच्या नंबरानं, हे सगळं दर आठवड्याला थाळीएवढ्या रिळावर उतरवायचं आणि दहा वर्षं थंड खोलीत जपायचं, हे माझं काम. वर्षातून एकदा प्रत्येक टेप पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळावी लागते, नाहीतर वेटोळी एकमेकांना चिकटतात. लोक हसायचे. ‘भोजराज, एखादं गाणं लाव ना बे!’ हसा लेकहो. कागद वाळवी खाते, माणूस विसरतो, माझी टेप विसरत नाही, असा माझा तोरा होता.

मी जाळीजवळ वाकून म्हणालो, “भाऊजी, शनिवारी टेप लावून रायलो साहेबासमोर. कोणाचा नंबर होता, ते निघतेच.”

“राहू दे ना टेप,” ते कण्हत म्हणाले. “नको काढू.”

मला वाटलं, मारानं भेदरले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिघं जण टेपखोलीत घुसले. ट्रक ज्याचे होते त्या ठेकेदार श्यामरावची माणसं. पुढे केवळराम, हातात सळाख.

“सतरा जुलैची कोणती बे?”

“पाचशे हायेत. शोध.”

सळाख माझ्या गुडघ्यावर बसली. मी पडलो. एकानं मांडणी ओढली आणि रिळं माझ्या पाठीवर कोसळली. दोन वर्षं लेकरांसारखी जपलेली रिळं ते बुटानं चेचत होते, टेपांची भेंडोळी जमिनीवर लोळत होती. माझं डोकंच फिरलं. केवळरामच्या पोटरीला मी कडकडून चावलो. तो बोंबलला आणि त्यानं माझा डावा पंजा चौकटीवर धरून दार आपटलं. दोन बोटं गेली. हवी ती टेप मी सकाळीच शोधून सदऱ्याच्या आत पोटाशी बांधली होती. मी पालथा पडून लाथा खात राहिलो. पहारेकरी धावत आले तेव्हा माझे तीन दात जमिनीवर होते.

शनिवारी पट्ट्या बांधलेल्या हातानं मीच टेप चढवली. समोर कारखान्याचे साहेब, ठाण्याचे अधिकारी आणि दोरी बांधलेले भाऊजी. छपाईयंत्र खडखडलं. श्यामरावच्या तिन्ही ट्रकांचे नंबर आले, हलकी वजनं आली. साहेब म्हणाले, “श्यामराव अडकला.” मग कारकुनाचा रकाना आला. सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. भाऊजींचा नंबर. सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी चढवलेला.

अधिकाऱ्यानं भाऊजींच्या पोटात गुडघा घातला. ते वाकले, ओकले.

आणि मला आठवलं. रोवणीच्या पंधरवड्यात अर्धा कारखाना बांधीत, आपापल्या भातखाचरात असतो. राहिलेल्यांनी सकाळी गेलेल्यांच्या मशीनवर त्यांचे नंबर चढवायचे, म्हणजे हजेरी लागते, खाडा पडत नाही. यात कोणाला पाप वाटत नसे. आज तुझी बांधी, उद्या माझी. तेव्हा मी टेपखोलीत आलो नव्हतो, भाऊजींच्या शेजारच्याच काट्यावर होतो. त्यांचे नंबर दरवर्षी मीच चढवायचो. त्या दिवशीही सत्तावीस चढवून मी माझ्या काट्यावर गेलो, आणि त्यांचं मशीन दिवसभर त्यांच्याच नंबरावर उघडं राहिलं. श्यामरावच्या माणसांना तेवढं पुरलं.

मला माझीच किळस आली. अधिकाऱ्यानं दांडा उचलला तसा मी मध्ये पडलो.

“साहेब, मारू नका! सत्तावीस नंबर मी दाबला होता. हे रोवणीत होते.”

अधिकाऱ्यानं कागद ओढला. “लिहून दे.”

भाऊजी दोरीसकट पुढे आले आणि धड असलेल्या डाव्या हातानं त्यांनी माझ्या फुटलेल्या तोंडावर सणसणीत ठेवून दिली. मी खाली बसलो.

“चूप नाई राहता आलं तुले? मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं ना बे. दोन्ही घरची चूल तुयाच्या पगारावर जळली असती, म्हणून हात मोडून घेतला मी.” त्यांना रडू फुटलं. “आता तू आत, मी असा लुळा. सांग, पुष्पाच्या अन् तुयाच्या लेकरायले कोण खाऊ घालन?”