तीन भोकांचा नांगर

मी जहाजाचा एक दगडी नांगर बोलतोय. खरं तर अर्धाच बोलतोय. माझा दुसरा अर्धा कुंपणापलीकडे पडला आहे. हे कुंपणही माझ्या तुटण्यानंतरच आलं.

माझा जन्म मारातून झाला. पाथरवटाने डोंगराच्या अंगात पाचरी ठोकून मला आईपासून तोडलं. मग छिन्नीने तीन भोकं पाडली. वरचं दोरासाठी, खालची दोन लाकडी सुळ्यांसाठी. समुद्राच्या तळाशी सुळे चिखलात रुतायचे आणि वर अख्खं जहाज थांबायचं. धरून ठेवणं एवढंच मला शिकवलं गेलं. सोडणं कुणी शिकवलंच नाही.

तेव्हा हे बंदर गजबजलेलं होतं. एका सकाळी लुटारूंच्या होड्या आल्या. धक्क्यावरची गोदामं पेटली, पाण्यावर तेल जळू लागलं, माणसं त्यातच उड्या घेऊ लागली. पळ काढायला आमच्या खलाशांनी माझा दोर कुऱ्हाडीने तोडला. त्या दोराच्या वेटोळ्यात एकाचा पाय अडकला होता. तो माझ्याबरोबर खाली आला. नखांनी दोर ओरबाडत राहिला. मग बुडबुडे थांबले.

पुढे खाडी गाळाने भरली, पाण्याची जमीन झाली आणि लोक बंदर विसरले. विसरायला फार कष्ट लागत नाहीत. लागतात ते लक्षात ठेवायला.

घराचा पाया खणताना एका गवंड्याला मी सापडलो. "धुण्याला बरा आहे," म्हणत त्याने मला अंगणात आडवा टाकला. त्याच्या बायकोने आयुष्यभर माझ्यावर कपडे आपटले. नवऱ्याशी भांडण झालं की मला लगेच कळायचं. त्या दिवशी त्याचा सदरा दुप्पट मार खायचा. साबण सारखा भोकांत घरंगळायचा, म्हणून वैतागून तिने उरलेल्या सिमेंटने तिन्ही भोकं बुजवून टाकली. दोन्ही मुलगे तेव्हा अगदी लहान होते.

गवंडी गेला. थोरला मुलगा बापाच्या धंद्यात शिरला, धाकटा टेम्पो चालवू लागला.

मग एका रविवारी शाळेतल्या नव्या बाई मुलांना आणि पालकांना घेऊन आल्या. जुन्या बंदराभोवती खजिन्याची फेरी होती. तुटका धक्का, बुजलेली विहीर, मग मी. प्रत्येक ठिकाणी एक कोडं. बाईंनी माझ्यावर हात ठेवला.

"मुलांनो, हा नांगर आहे! यानं जहाजं धरून ठेवलीत. आता सांगा, याची भोकं कुणी बंद केली असतील? आत काय असेल?"

इतक्या काळाने कुणी मला माझ्या नावाने हाक मारली होती. मी धन्य झालो.

"सोनं!" मुलं ओरडली. बाई हसल्या, मुलं हसली, फेरी पुढे गेली. ओट्यावर बसलेले दोघे भाऊ मात्र हसले नाहीत.

आई बाजारात गेली होती. थोरल्याने घण आणला, धाकट्याने पहार.

"दादा, अर्धं अर्धं हं. आत्ताच सांगून ठेवतो."

"अर्धं कसलं? फोडणार मी, आणि तू काय, हॉर्न वाजवणार?"

"दगड बाबांचा आहे."

"बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुठे होतास रे, शहाण्या?"

थोरला स्वतः गवंडी. पण सिमेंट ओळखायला डोळे लागतात, आणि त्याच्या डोळ्यांत सोनं शिरलं होतं. घण पडत राहिला. शेवटी वरच्या भोकापाशी मी तडकलो. भेगेत काहीतरी पांढरं दिसलं. धाकट्याने हात घातला. थोरल्याने त्याला मागे खेचलं. धाकट्याने दुसऱ्या हाताने पहार फिरवली आणि थोरल्याचं कपाळ फुटलं. रक्ताने आंधळा झालेल्या थोरल्याने घण उचलला.

धाकट्याचा उजवा हात अजून भेगेतच होता. त्याला तो बाहेर काढता आला असता. पण मूठ उघडायची नव्हती त्याला.

त्या घावाने मी दुभंगलो. हाडं मोडल्याचा आवाज माझ्या आवाजात बुडाला.

आई पिशवी टाकून धावली. "अरे, काय केलंत हे!"

"आई, खजिना..." थोरला रक्त पुसत म्हणाला.

"कसला खजिना? मीच बुजवलंय ते! साबण पडायचा म्हणून! गवंडी म्हणवतोस आणि सिमेंट कळेना तुला?"

तिने धाकट्याची चेचलेली बोटं एकेक करून उघडली. आत साबणाचा वाळका तुकडा होता.

हात मनगटापासून काढावा लागला. टेम्पो गेला. अंगणात कुंपण आलं. भाऊ एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत.

बाई अजून मुलांना आणतात, पण माझ्यापाशी आल्या की कोडं घालत नाहीत. बाई, तुम्ही येत जा. बंदराची आठवण मुलांना द्याच. फक्त बंद भोक दिसलं, तर आधी घरातल्या म्हातारीला विचारा.

ती आता दोन्हीकडे धुणं धुते. थोरल्याचे कपडे त्या अर्ध्यावर, धाकट्याचे माझ्यावर. त्याच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीची कड आता मळतच नाही. तरी ती तिला साबण लावते आणि बराच वेळ घासत बसते.