वाक्यात उपयोग करा

"मॅडम, एखाद्या पोरीनं भाषण चोरलं असं तिच्या माघारी सांगत फिरायचं, त्याला ह्यातला कुठला शब्द बसतो?"

दहावीच्या वर्गातल्या सगळ्या माना स्वप्नालीकडं वळल्या. हे विचारून दाखवायची पैज अदितीनं लावली होती. आता तीच अदिती बाकाखाली पेन शोधत होती. स्वप्नाली मात्र ताठ उभी. फळ्यावर पूर्णिमा मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात आजचे इंग्रजी शब्द होते. बिलिटल म्हणजे कमी लेखणं, स्लँडर म्हणजे खोटंनाटं बोलून बदनामी करणं. वाक्यात उपयोग करा, असं मॅडमच म्हणाल्या होत्या.

कागलच्या वक्तृत्व स्पर्धेला स्वप्नालीचं नाव लागलं होतं. गारगोटीहून आलेली पोर, पहिल्याच वर्षी इंग्रजीत भाषण! आणि परवा वह्या ठेवायला गेलेल्या अदितीनं शिक्षकांच्या खोलीत मॅडमना बोलताना ऐकलं, "स्वप्नालीचं नव्हेच ते भाषण. कुठनं तरी उचललंय."

मॅडमनी खडू ठेवला. "गारगोटीच्या शाळेत एवढं इंग्रजी येतं कुणाला? शंका आली, बोलले. बस खाली."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे बिलिटल झालं, मॅडम. एक वाक्य मिळालं!" स्वप्नाली म्हणाली.

आता सगळा वर्ग खिदळला. ते हसणं स्वप्नालीच्या डोक्यात चढलं आणि पुढचं तोंडून सुटलंच, "तुमच्या भाचीला कागलला पाठवायचंय, म्हणून चाललंय हे सगळं!"

पहिल्या बाकावरची भैरवी, मॅडमची भाची, गर्रकन वळली. तिनं स्पर्धेला नावच दिलं नव्हतं, आणि स्वप्नालीला ते चांगलं माहीत होतं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावून बजावलं. उद्या पालकांच्या सहीचं माफीपत्र, नाहीतर स्पर्धेतून नाव बाद.

"लिही आन् मोकळी हो," संध्याकाळी डेअरीतून घरी आलेले पप्पा चपला काढता काढताच म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर करत्यात व्हय?"

"जीभ हाय का कातर!" आई परातीत भाकरी थापत कडाडली. "बाईंना असं बोलत्यात?"

"त्यांनी मला चोर म्हटलेलं चालतंय व्हय?"

"आन् तू त्या भाचीला मधी ओढलीस, ती काय म्हणाली हुती तुला?"

वर्गभर पोरं भैरवीकडं कशी बघत होती, ते स्वप्नालीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिनं वही ओढली, दोन ओळी खरडल्या आणि पान टर्रकन फाडून पप्पांच्या पुढ्यात धरलं.

"भाचीचं बोललो ते खोटं हुतं. मॅडमची मागतो माफी, वर्गात उभं राहून भैरवीची पण मागतो. पण प्रश्न विचारल्याची मागणार न्हाय. भाषण माझं हाय. नाव कापायचं तर कापू देत की! पप्पा, सही करायची तर एवढ्यावरच करा."